उतरत्या लाटेवर

पडद्यावरची झोप आपल्या बाबांची आहे, हे सुचित्राच्या ध्यानात आलं तेव्हा तिच्या तोंडात समोशाचा घास होता. परळच्या त्या इस्पितळातल्या बैठकीच्या खोलीत एसी नेहमीसारखा नको तितका गार होता, आणि डॉ. अनुजा त्रिलोकेकर हातातल्या लाल ठिपक्याने एक लांबच लांब नागमोडी रेघ सगळ्यांना दाखवत होत्या. रेघेवर नाव नव्हतं. प्रयोगात नावं कुणाचीच नसतात. पण मोठी लाट उठायच्या जरा आधी काट्यांचा एक झुबका होता, दाट, काळा, उजव्या बाजूला जास्त. आणि तो झुबका जगात एकाच माणसाचा होता. गिरणीच्या आत विडी ओढायची मुभा नव्हती, भोवताली सगळा कापूस, म्हणून खात्यातली माणसं गालात तंबाखू धरून पाळी काढायची. गुरुदत्त घाडींची गिरणी सुटली, पुढे कधीतरी तंबाखूही सुटली, पण गाढ झोपेच्या दारात आले की त्यांचा जबडा अजून ती नसलेली चिमूट उजव्या दाढेखाली दाबून घेतो. कपाळावरचे, टाळूवरचे, कानामागचे सगळे इलेक्ट्रोड सुचित्राने स्वतःच्या हाताने चिकटवले होते. बापाची चाल मुलीला मागूनसुद्धा ओळखू यावी तशी तिला ती रेघ ओळखू आली, आणि क्षणभर चक्क बरं वाटलं, परक्या ठिकाणी घरचं माणूस दिसल्यावर वाटतं तसं. मग मॅडम म्हणाल्या, "आणि हा दुसऱ्या गटातला नमुना. यांना आवाज मुद्दाम उतरत्या लाटेवर दिलाय, म्हणजे चुकीच्या वेळी. बघा, दर वेळी कसा बरोब्बर चुकलाय." दोघंतिघं हसले. सुचित्राने पाणी पिऊन तोंडातला घास खाली ढकलला.

आवाज म्हणजे फार काही नव्हतं. झोपलेल्याच्या कानात हळूच 'शुक्' असं वाजायचं, बस. सुचित्राचं काम एवढंच, की इलेक्ट्रोड चिकटवायचे, रेघ नीट उमटतेय ना ते बघायचं, आणि माणूस जागा होणार नाही इतपत तो 'शुक्' बारीक ठेवायचा. तो लाटेवर कुठे पडणार ते यंत्र ठरवायचं. कुणाच्या वाट्याला चढती लाट आली आणि कुणाच्या वाट्याला उतरती, हे निकाल लागेपर्यंत मॅडमनाही कळायची सोय नव्हती. प्रयोग म्हाताऱ्या माणसांवर होता आणि दुपारच्या झोपेवर होता. मॅडम मूळच्या गिरगावातल्या, तीन पिढ्या डॉक्टरांच्या घरातल्या, पण समजावून सांगायची त्यांना हौस होती, आणि नव्याने कामाला लागली तेव्हा सुचित्राला त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं होतं. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाची एक जागा असते. दिवसभरात जे घडतं, जे ऐकलं जातं, ते आधी तिथे येऊन पडतं, पण तिथे ते राहायला आलेलं नसतं. कायमचं राहायचं तर त्याला वर जावं लागतं, मेंदूच्या वळ्यावळ्यांच्या सालीत. ही ने-आण गाढ झोपेत चालते. वरून एक सावकाश लाट येते, ती चढताना तिच्यावर चातीसारखी गरगरणारी बारीक तरंगांची एक जुडी उठते, आणि त्या जुडीच्या पोटात खालून हिप्पोकॅम्पसचा एक थरकाप येऊन बसतो. तिन्ही एकमेकांत बसले की आजचा दिवस वर पोहोचला. म्हातारपणी यातलं सगळं शाबूत असतं, लाट असते, जुडी असते, थरकाप असतो, फक्त वेळ जमत नाही. जुडी जरा आधीच उठून मोकळी होते. लाट चढत असताना नेमका आवाज दिला तर ती जमवून आणता येईल का, हा प्रश्न होता. आणि जमवून आणता येते हे सिद्ध करायचं, तर काही जणांना आवाज भलत्या वेळी द्यायला हवाच होता. बाबांना पहिल्या दिवशी कॉटवर निजवून डोक्याला वायरी लावताना तिने हे सगळं आपल्या परीने सांगितलं, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "म्हणजे चाळीतल्या पाण्यासारखा. नळ आपल्या टायमाला येतो, हंडा तेव्हा खाली पायजे. मागाहून लावलास तर मोरीत गेला सगळा." चातीचं ऐकून तर ते फारच खूश झाले. जन्म साचा खात्यात, सूत कातणाऱ्या चात्यांपुढे गेला होता. गिरणी पाडून टॉवर झाला तरी आपल्या डोक्यात चात्या चालूच आहेत, हे त्यांनी घरी जाऊन यशोदाला, सुचित्राच्या आईला, दोनदा सांगितलं होतं.

घरच्या माणसांना प्रयोगात घेऊ नये असा नियम होता. पण सुचित्रा आता तोरसकर, बाबा घाडी. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपण काही लपवतोय असं तिला वाटलंही नव्हतं. या नोकरीला लागल्यापासून करी रोडच्या चाळीतल्या अर्ध्या बिऱ्हाडांचे नंबर तिने असेच लावले होते, कुणाचा मोतीबिंदूला, कुणाचा सोनोग्राफीला. आपलं माणूस आत असावं म्हणतात ते कशासाठी मग? बाहेरची माणसं येऊन फायदा घेऊन जाणार आणि स्वतःचा बाप घरात विसरभोळा होत चाललाय, गॅस बंद केला की नाही ते पुन्हा पुन्हा उठून बघतोय, त्याला सोडून द्यायचं? त्यातून दुपारी झोप म्हणजे बाबांची हुकमी. जन्मभर तिसरी पाळी केलेला माणूस, उजेडात, गोंगाटात, पाठ टेकली की गाढ. मॅडम एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या, "सुचित्रा, हे गृहस्थ म्हणजे हिरा आहेत गं, असा झोपणारा माणूस मिळत नाही." तेव्हा तिला अभिमान वाटला होता. प्रयोगाला नंबर लावायचा नसतो, हे तिला आज, समोसा खाताना कळलं.

नुसतं तेवढंच असतं तर तिने स्वतःची समजूत घातली असती. पण वर्षापूर्वी, प्रयोगाच्या त्या आठवड्यांमध्ये आई जात होती. यशोदाचं हृदय मोठं झालं होतं, पाय सुजून खांब झाले होते, आणि आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून रात्रभर ती उशांना टेकून बसून असायची. बाबा तिच्यासोबत बसून असायचे. त्यांना म्हणे सवयच होती रात्रीची. तिची कूस बदलायची, पाण्याचा घोट द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा. सकाळी पेज भरवायची. मग जेवून, आईपाशी शेजारच्या वैशालीवहिनींना बसवून, ते चालत परळला यायचे आणि सुचित्राच्या हाताखाली डोकं देऊन गप्प पडायचे. दुपारची ती झोप हीच त्यांची झोप होती, दुसरी नव्हतीच. आणि सकाळी, पेज भरवताना, आई त्यांच्याशी बोलायची. हे सुचित्राला माहीत होतं. एका रविवारी आईचे केस विंचरताना ती सहज म्हणाली, "दिवसभर काय करता गं दोघं?" तर आई लाजल्यासारखी हसली. "बोलतेय ह्यांच्याशी हल्ली. राहिलंच होतं ना इतकी वर्षं." सुचित्राने विचारलं, एवढं बोलायचं तरी काय? "ता तुका कशाक? मागाहून त्यांकाच विचार." आणि इतकं बोलून तिला धाप लागली.

राहिलंच होतं, हे खरं होतं. सुचित्राच्या लहानपणी आईबाबा एकमेकांशी बोलत आहेत असं चित्र तिला आठवतच नाही. बाबा सकाळी घरी यायचे तेव्हा आई पाणी भरत असायची, मुलांना शाळेत पिटाळत असायची. बाबा चहा पिऊन साडीच्या पडद्याआड झोपायचे आणि मग त्या एका खोलीत दिवसभर एकच शब्द चालायचा, शुक्. भांडं पडलं, शुक्. भाऊ धनेश आणि ती भांडले, शुक्. कुणी शेजारीण दारात आली तर आई ओठावर बोट ठेवून आधी शुक् करायची आणि मग गॅलरीत जाऊन बोलायची. ती स्वतः हसली तरी पदर तोंडावर धरायची. संध्याकाळी बाबा उठले की जेवण, डबा, आणि गेले. आई त्यांच्या झोपेची राखण करत जगली आणि बाबा झोपेत जगले, असं सुचित्रा कधीकधी कडवटपणे म्हणायची. संप झाला, गिरणी गेली, तर बाबांनी भायखळ्याला भाजीबाजारात रात्रीची राखणदारी धरली; पाळी काही बदलली नाही. मग म्हातारपण आलं, दोघं एका वेळी जागी राहू लागली, पण तोवर गप्प राहायची सवय हाडात मुरली होती. शेवटी आईला मरण दिसलं तेव्हा तिला तोंड फुटलं. रोज सकाळी ती थोडं थोडं बोलली. आणि रोज दुपारी आपण ते बाबांच्या कानात 'शुक्' करून गप्प केलं. असं म्हणणं शास्त्राला धरून नाही, हे सुचित्राला कळत होतं. तरी तिच्या मनाने ते तसंच म्हटलं.

बैठक संपल्यावर ती मॅडमपाशी रेंगाळली. "मॅडम, त्या दुसऱ्या गटातल्यांचं... नुकसान होतं का काही?" मॅडम लॅपटॉपची वायर गुंडाळत होत्या. "नुकसान असं नाही म्हणता येणार. फायदा होत नाही, इतकंच. त्या गृहस्थांचं म्हणशील तर झोपेआधी पाठ करून घेतलेले त्यांचे शब्द झोपेनंतर बरेच गळलेले दिसतात, पण वयच तसं आहे. घरात काही ताण असेल. एका माणसावरून काय सांगणार?" मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रेघ मात्र इतकी स्वच्छ आलीय, ते तुझ्या हातामुळे हं. मी सगळीकडे दाखवणार आहे." मॅडम खोटं बोलत नव्हत्या. ती रेघ खरंच स्वच्छ होती. सुचित्राला वाटलं, त्यांनी सरळ सांगितलं असतं की हो, नुकसान होतं, तर आपल्याला रडता आलं असतं. वय असेल, जागरण असेल, दुःख असेल, आवाज असेल. आता जन्मभर या चारांतलं एक निवडत बसायचं. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

परळहून करी रोडला ती चालत निघाली. लालबागमध्ये मिरच्या कुटणं चाललं होतं, डोळ्यांना पाणी आलं ते तिने तसंच येऊ दिलं. तिथे कुणी विचारत नाही. कोपऱ्यावर तिने अबोलीचा वळेसर घेतला, आईला आवडायचा तसा, बायकांनी हाताने गुंफलेला. दर शनिवारी ती घ्यायची आणि दर शनिवारी तो खुंटीवर सुकून जायचा, कारण बाबा तो आईच्या फोटोला घालू देत नसत. परवा वर्षश्राद्ध होतं. धनेश विरारहून बायकोपोरांना घेऊन येणार होता, भटजी सांगून ठेवले होते, आणि बाबांनी जाहीर केलं होतं की मी बसणार नाय. बाबा आईवर रुसले होते. मेलेल्या माणसावर कुणी इतकं रुसू शकतं हे सुचित्राने या वर्षात पाहिलं. त्यांना ते शेवटचे आठवडे आठवतच नव्हते. साचा खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, कुणाला कुठली शिवी द्यायचा ते आठवत होतं, लग्नात यशोदाच्या मामाने घातलेला घोळ आठवत होता, पण पेज नाही, उशा नाहीत, सुजलेले पाय नाहीत. त्यांच्या हिशेबी यशोदा चालतीबोलती होती आणि एका सकाळी त्यांनी बघितलं तर ती नव्हती. "काय एक बोलली नाय," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "जन्मभर नाय बोलली, जाताना तरी माणूस दोन शब्द बोलता. मनात ठेवून गेली." सुचित्रा सांगायची की बाबा, आई बोलली होती, रोज बोलत होती. ते तिच्याकडे दयेने बघायचे. तू माझी समजूत काढतेस, म्हणायचे. आईचं बोलणं वर पोहोचलं नाही, आणि रुसवा मात्र कसा कोण जाणे, पहिल्या फटक्यात पोहोचला.

ती घरात शिरली तेव्हा बाबा जेवून, ताट मोरीत ठेवून, कॉटवर पाय वर घेऊन बसले होते. साडीचा पडदा केव्हाच गेला होता, पण त्याची तार अजून भिंतीपासून भिंतीपर्यंत होती आणि तिच्यावर त्यांचा टॉवेल वाळत होता. "आज लवकर गो? बरा हा मा सगळा?" तिने पर्स खाली ठेवली, अबोली ताटलीत पाणी शिंपडून ठेवली. बाबांनी ताटलीकडे पाहिलं आणि मान फिरवली. "परवाचा धनेशाक सांगितलंस? मी बसणार नाय." ती मोरीतलं ताट विसळू लागली. मग ते आपणहून, कॉटच्या कडेवर हात आपटत म्हणाले, "हल्ली येता ती. दुपारचा डोळा लागला की येता. हय बसता, हय कडेक. तोंड उघडता, आता काय तरी सांगणार म्हणून मी कान देतंय, इतक्यात कोण तरी शुक् करता. झाला, ही गप्प. परत तोंड उघडता, परत शुक्." ते हसले, पण हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "सगळो जन्म तिना पोरांका गप्प केल्यान. आता तिका कोण गो गप्प करता?"

सुचित्राने काही ठरवलं नव्हतं. वाटेत तिने उलट असं ठरवलं होतं की यातलं अवाक्षर बोलायचं नाही, नोकरीचा प्रश्न आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला आता सांगून करायचंय काय. पण तिच्या तोंडून आलं, "मी, बाबा." आणि मग ती बोलत सुटली. वायरी, लाट, चढती, उतरती, नळ आणि हंडा, त्यांचेच शब्द त्यांना परत देत गेली. आईची पेज, उशा, सकाळी तिचं ते थांबत थांबत बोलणं. बाबा ऐकत होते. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "म्हणजे मोरीत गेला?" ती म्हणाली, "कदाचित. नक्की कुणालाच सांगता येत नाही. पण आई बोलली होती, हे नक्की. रोज बोलली. तुमच्याशीच." त्यांनी तिला रागवावं असं तिला वाटत होतं. एक तरी शिवी, जॉबरची. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, वर्षभर आवळून धरलेलं. दयेने बघणं नाही, काही नाही. या वेळी त्यांनी विश्वास ठेवला, कारण या वेळी तिने समजूत घातली नव्हती, स्वतःचा गुन्हा सांगितला होता. ते उठले, ताटलीतला वळेसर उचलला, आणि चवड्यांवर उंच होऊन तो फोटोला घातला. घालताना एक बाजू खाली आली, ती त्यांनी पुन्हा सारखी केली. "बोलली म्हणजे," ते फोटोलाच म्हणाले, "बोललंस तर." मग वळून, अगदी साध्या, उत्सुक आवाजात त्यांनी विचारलं, "काय बोलली गो?"

सुचित्राकडे त्या सगळ्या सकाळींमधलं एक वाक्य होतं. तेही पुरतं नव्हतं. एकदा आदल्या दिवशी डबा इथेच विसरला म्हणून ती कामावर जाताना सकाळी इकडे वळली होती, दारात चप्पल काढता काढता तिने ते ऐकलं होतं. तिने ते बाबांना दिलं, जसंच्या तसं, आईच्या धापेसकट. "आई म्हणत होती, तुम्ही पाळीला निघालात की मी गॅलरीत उभी राहायची. कधीतरी वळून बघाल म्हणून. एकदाच बघितलंत. त्या दिवशी..." ती थांबली. "त्या दिवशी काय?" बाबा म्हणाले. "तेवढ्यात मी निघाले बाबा. मला उशीर झाला होता." ते गॅलरीत गेले. कठड्याला धरून खाली बघत राहिले, जिथे पूर्वी गिरणीची भिंत होती आणि आता टॉवरचं पार्किंग आहे. आपण वळून बघितल्याचं शोधत होते बहुतेक. ते तर फार जुनं होतं, कधीच वर पोहोचलेलं असायला हवं होतं, पण ते त्यांच्यासाठी कधी महत्त्वाचं नसेलच, वळले असतील सहज, कुणी हाक मारली म्हणून. सुचित्राला वाटलं, आपण यांचा रुसवा काढून घेतला आणि त्याच्या जागी ठेवायला आपल्याजवळ अर्धं वाक्य आहे. रुसवा निदान अख्खा होता.

ते आत आले ते घाबरून आले. "सुचू, माका झोपाक देव नको आज. झोपलंय तर ह्या पण जातला." त्यांनी डोळे ताणून मोठे केले होते, लहान मुलासारखे. आणि तिला त्यांना उलटं सांगावं लागलं. झोपलात तरच राहील, बाबा. जागं राहून काही राहत नाही. झोपेतच ते वर जातं, तुम्ही फक्त गाढ झोपा, आज कुणी आवाज करणार नाही, मी बसते इथे. "नक्की?" ते म्हणाले. ती म्हणाली, नक्की. त्यांनी वाक्य दोनदा म्हणून घेतलं, पाळीला निघालात की मी गॅलरीत, पाळीला निघालात की मी गॅलरीत, एकदाच बघितलंत, आणि मग तिच्यावर विसंबून त्यांनी पाठ टेकली. हुकमी झोप, तिने कॉटच्या कडेला टेकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायला सुरुवात केली तोवर श्वास लांबलासुद्धा. तिला यंत्राची गरज नव्हती. डोळ्यांची बुबुळं पापणीखाली आधी सावकाश फिरली, मग थांबली. चेहरा उतरला. आणि मग उजवा जबडा हलला, एकदा, दोनदा, नसलेली चिमूट दाढेखाली गेली. आता, तिने मनात म्हटलं. आता येईल मोठी लाट. आता चढेल. आयुष्यात तिने देवाकडे इतकं मनापासून काही मागितलं नव्हतं.

जिन्यातून शाळेतून सुटलेली पोरं धडधडत वर आली, कुणीतरी दप्तर कठड्यावर आपटलं, दोघं एकदम किंचाळून हसली आणि दारासमोर येऊन थांबली. सुचित्रा वळली. तिचं बोट ओठावर गेलं होतं आणि तोंडातून आवाज गेलाही होता. "शुक्!" मोठा नव्हता, पण हुबेहूब आईचा होता. पोरं पाय न वाजवता निघून गेली. तिने कॉटकडे पाहिलं. बाबांच्या कपाळावर एक आठी उमटली होती, ती हळूहळू विरली, आणि श्वास पुन्हा लांब झाला. लाट चढत होती की उतरत होती हे कळायला तिच्यासमोर रेघ नव्हती. ती हात मांडीखाली दाबून बसून राहिली. उन्हाची तिरीप भिंतीवरून तारेवरच्या टॉवेलपर्यंत आली, कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि ते उठू नयेत असं तिला वाटत राहिलं.

ते उठले ते ताजेतवाने होऊन उठले. मिटमिटत्या डोळ्यांनी त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खोलीभर पाहिलं, आणि त्यांची नजर भिंतीवर जाऊन थांबली. भुवया जवळ आल्या. वर्षभराचा तो ओळखीचा रुसवा चेहऱ्यावर परत येऊन आपल्या जागी बसला.

"हिका अबोली कोणी घातल्यान?" त्यांनी विचारलं.

"मी," सुचित्रा म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.